अक्काचं खोटं यार्ड

माझी चुलतबहीण अक्का सकाळचा चहा उकळेपर्यंत पाच-पंचवीस माणसं गाडीखाली घालायची आणि वर मलाच विचारायची, "साखर टाकलीस का रे, बाळू?" माणसं कॉम्प्युटरच्या पडद्यावरची, हे ठाऊक असूनही मी साखर दोनदा टाकायचो.

पोती वाहणारी एक बिनड्रायव्हरची गाडी आमच्या हुबळीत, अमरगोळच्या मार्केट यार्डात येणार होती. तिचा प्रोग्रॅम अक्का नवनगरच्या घरी बसून तपासायची. कंपनीनं क्लाउडवर, म्हणजे कुठंतरी लांब भाड्यानं घेतलेल्या कॉम्प्युटरांवर, आख्खं यार्ड उभं केलं होतं. प्रोग्रॅमची एक ओळ बदलली, की त्या खोट्या यार्डात शेकडो फेऱ्या आपोआप सुरू. कुठं हमाल आडवा, कुठं गाय. "इथं मेलेला परत उठतो," अक्का म्हणायची, "अमरगोळला नाही."

गाडीला कन्नड शिकवलेलं. 'बा' म्हटलं की जवळ यायचं, 'निल्लु' म्हटलं की थांबायचं. पहिल्या दिवशी तिच्यापुढं उभं राहून हे करून दाखवायचा मान माझा, मिरचीच्या अडत्याचा. मी नवा शर्टसुद्धा शिवला होता.

आदल्या दिवशी अक्कानं विचारलं, "घाबरलास की कुठल्या भाषेत ओरडतोस?"

"कन्नडात! जन्म इथं गेला माझा."

ती "बरं" म्हणून आत गेली आणि माझ्या पाठीमागं येऊन पितळी परात आपटली.

"अगं थांब बा!" मी किंचाळलो.

मोबाईलवर टिपलेली ती किंकाळी तिनं खोट्या यार्डात सोडली. पडद्यावरचा माणूस माझ्या आवाजात ओरडला. गाडी 'बा' तेवढं ऐकून पुढंच आली. 'बा' ऐकलं की माणसाला खेटून उभं राहायचं, म्हणून अंतर राखायचा नियमच ती त्या वेळी सोडायची. तो जितका ओरडला, तितकी ती जवळ आली. मग अंगावर. पुन्हा. पुन्हा. दोनशे फेऱ्यांत मी दोनशे वेळा मेलो. उद्या तिथं खराच मी उभा राहणार होतो.

कंपनीचे साहेब फोनवर म्हणाले, "मॅडम, असं कोण ओरडतं?"

"माझा भाऊ. आणि हुबळीतली निम्मी मराठी घरं."

ते 'पास' लिहा म्हणाले. तिनं लिहिलं नाही. कार्यक्रम मोडला, तिची नोकरी गेली. आणि मी? व्यापाऱ्यांत नाक कापलं गेलं म्हणून आठ दिवस तिच्याशी बोललो नाही. जिनं जीव वाचवला तिच्याशी! आठवलं की अजून घाम फुटतो.

जाताना माझ्या किंकाळीची चाचणी तिनं यादीत ठेवून दिली. ती चाचणी पार होईपर्यंत गाडी कंपनीबाहेर पडेना. शेवटी गाडी दुरुस्त होऊन यार्डात आली, तेव्हा अक्का मुलाकडं पुण्याला गेली होती. मी फोन केला.

"भाषणं झाली. तुझं नाव कुणी घेतलं नाही गं, अक्का."

"कुणाला लागलं काही?"

"नाही."

"मग माझं नाव निघेल कशाला?"