धुरासोबतचं पाणी

वामन गेल्याचा फोन अकोल्याहून त्याच्या मुलीनं केला, तेव्हा मी कौंडण्यपूरच्या घाटावर माझ्या नावेच्या इंजिनाची पाणी गाळायची जाळी साफ करत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मी जाळी धुतली, जागच्या जागी बसवली आणि मगच काठावर बसलो. महिना उलटला, तरी माझ्या हातांचा राग येतो... दोस्त गेला आणि हे आपलं काम करत राहिले.

वामन मूळचा विहिरीवरच्या डिझेल इंजिनांचा मिस्त्री. पहिल्यांदा घाटावर आला तेव्हा नावेचं इंजिन भयंकर तापलं होतं आणि मी त्यावर बादलीभर पाणी ओतायला निघालो होतो. त्यानं बादली हिसकावली. "हेड फुटन ना बे. थंडं होऊ दे." मग तासभर नुसतं बसणं. मला बसवत नाही, हे त्याला त्याच दिवशी कळलं असावं.

नावेचं इंजिन नदीचंच पाणी ओढून गार होतं आणि ते पाणी धुरासोबत मागच्या नळीतून बाहेर टाकतं. दरवेळी नाव सुटण्याआधी वामन त्याखाली तळहात धरायचा. धार बारीक लागली की इंजिन बंद.

एका यात्रेला नाव माणसांनी भरलेली आणि धार बारीक. जाळीत झेंडूची फुलं, नारळाच्या शेंड्या अडकल्या होत्या. त्या काढूनही फरक पडेना. पाणी ओढणारा पंप उघडला, तर आतल्या रबरी पंख्याची दोन पाती तुटलेली. नवा पंखा बसवला, धार आली, लोक खूश. वामन मात्र तुकडे शोधत बसला. एकच सापडला. "दुसरा नळीत अटकला असन. मधातच पानी बंद झालं तं?" लोक ओरडू लागले. आणि मी, नावेचा मालक, हात वर करून म्हणालो, "मी काय करू? हा मिस्त्रीच आयकत नाही." लोकांनी त्याला वाट्टेल ते सुनावलं. तो एकेक नळी सोडवत गेला. शेवटी धुराच्या नळीत पाणी येऊन मिळतं त्या वाकणात तुकडा निघाला.

संध्याकाळी भाकर खाताना तो म्हणाला, "नाव तुई हाये. मंग नाही म्हनाच्या वक्ती मले काहून समोर करून राहिला?" मी हसण्यावारी नेलं. पुढंही दरवेळी त्यालाच पुढं केलं. त्याची माफी मागायची राहिली, ती राहिलीच...

गेल्या रविवारी वीसेक माणसं बसली होती. इंजिन सुरू केलं, हात आपोआप मागच्या नळीखाली गेला. धार बारीक. दुसऱ्या कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. पलीकडचा काठ दहा मिनिटांवर, कदाचित निभावलंही असतं. मी सवयीनं वामनचं नाव सांगायला तोंड उघडलं... आणि इंजिन बंद केलं.

"उतरा. आज नाव जात नाही."

"कोन म्हनते?" पुढं बसलेल्या बाईनं विचारलं.

"मी म्हनतो."