बोंबलांवर ठेवलेली बॅग

मी लालबाग सोडलं त्या दिवशी दुपारी माझी बॅग मोरीत आडवी पडली होती आणि तिच्याखाली बोंबील होते.

थाप वाटेल, पण खरं आहे. ओला बोंबील म्हणजे निम्मा मासा, निम्मं पाणी. तो चिरून, उघडून, मीठ लावून वजनाखाली दाबायचा, पाणी निथळू द्यायचं आणि मग रव्यात घोळवून तळायचा. आमच्याकडे हे काम पाटा करायचा. नेमका त्या दिवशी पाटा शेजारच्या लग्नघरी हळदीला गेला होता. आईने खोलीभर नजर फिरवली. खोली ती केवढी, नजर फिरायला वेळ लागला नाही. ती माझ्या नव्याकोऱ्या बॅगेवर येऊन थांबली. एअरलाइनने जेवढं वजन सांगितलं होतं तेवढं मी त्यात भरलं होतं, वर थोडं चोरूनही.

मी खालून टॅक्सीची चौकशी करून वर आलो तर ताटात बोंबील, त्यांच्यावर पोळपाट, पोळपाटावर बॅग.

"आई, अगं लंडनला चाललोय मी."

"मग? उपाशी जातलंस? पाणी गेल्याशिवाय त्याका चव येना नाय."

बाबा खाटेवर पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "पोराक एवढो शिकवलो. शेवटी कामाक इली ती बॅग."

जेवलो. बोंबील असे की दाताखाली पापडासारखे मोडत होते. मग बॅग उचलली तर खालचा कोपरा ओला. पुसला, पावडर मारली, उदबत्ती फिरवली. लंडनमध्ये माझ्याबरोबर राहणारा मुलगा पुण्याचा, पक्का शाकाहारी. पहिल्या रात्री म्हणाला, "तुझ्या बॅगेत काहीतरी मेलंय." म्हटलं, मेलंय खरं, पण चांगल्या हाताने मेलंय.

मी हे तुम्हा सगळ्यांसाठी लिहितोय. जे तिकडेच राहिलात त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे निघालात आणि आता परदेशी दुकानातल्या फ्रीजरमध्ये मान घालून बालपण शोधताय त्यांच्यासाठीही.

बोंबलावरून आमच्या घरात दोन पक्ष होते. बाबांचा पक्ष मऊ. त्यांना बोंबील न दाबता, पाण्यासकट, कोकमाचं आगळ घातलेल्या कालवणात हवा. ते कालवण डावाने ढवळायचं नाही. फडक्याने टोप धरून नुसतं गोल हलवायचं, नाहीतर बोंबील विरघळून जातो. बाबा तो अख्खा उचलून तोंडात सोडायचे. "बोंबील चावचो नसता, गिळूचो असता," हे त्यांचं तत्त्वज्ञान. आईचा आणि माझा पक्ष कुरकुरीत. ताई अपक्ष, जे आधी शिजेल ते तिचं. मासे आणले की आई न बोलता दोन वाटे करायची, अर्धे पाट्याखाली, अर्धे टोपात. वासाने, चवीने, रंगाने एकच मासा. पण एका ताटातला माझा जीव की प्राण आणि दुसऱ्यातला वाढतील म्हणून मी ताटावर हात आडवा धरायचो. लहानपणी पाहुण्यांच्या पंगतीत मी बाबांच्या ताटाकडे बोट दाखवून विचारलं होतं, "बाबा, तुम्ही शेंबूड का खाता?" पाहुण्यांनी ताटं सरकवली. आईने माझ्या पाठीत धपाटा घातला, पण मान फिरवून, कारण तिला हसू आवरत नव्हतं. तिलाही ते तसंच वाटायचं. फक्त आमच्याकडे बायकोने असं म्हणायची पद्धत नव्हती.

लंडनच्या पूर्वेला बांगलादेशी लोकांची दुकानं आहेत. तिथे एका फ्रीजरमध्ये बर्फाच्या लादीत झोपलेले बोंबील सापडले, तेव्हा मी दुकानदाराला फक्त मिठी मारायची बाकी ठेवली. ते त्याला लोइट्टा म्हणतात, आणि कांदा-मिरची घालून पार लगदा होईपर्यंत परततात. म्हणजे अख्खा देश बाबांच्या पक्षाचा. मी घरी आणले, बर्फ वितळवला आणि उत्साहाच्या भरात थेट रव्यात घोळवून तव्यावर टाकले. तव्यात खीर झाली. धुराची घंटा वाजली, खालचे लोक रस्त्यावर उतरले, आणि मी हातात उलथनं घेऊन व्हिडिओवर आईला दाखवत होतो.

"दाबलंस?"

"नाही."

"मग माका फोन कित्याक केलंस? त्या तव्याक कर."

मग तिनेच सांगितलं, ती बॅग आहे ना, ती ठेव. तेव्हापासून ती बॅग माझा पाटा झाली. हिवाळी कपडे भरून कपाटावर असायची, महिन्यातून एकदा स्वयंपाकघरात उतरायची. पुढे लग्न झालं. बायको फणसवाडीची, शाकाहारी घरातली, मासा फक्त काचेच्या पेटीत पोहताना पाहिलेली. बॅग खाली उतरली की ती घरातल्या सगळ्या खिडक्या उघडते. कडाक्याच्या थंडीतसुद्धा. आमचा संसार त्या उघड्या खिडक्यांवर टिकलाय.

बाबा गेले. त्यानंतर आईने कालवण करणं सोडलं. मी फोनवर विचारलं तर म्हणाली, "खाणारा खंय आसा?" सगळे बोंबील पाट्याखाली जायला लागले. एका पक्षाचं सरकार आलं, आणि जिंकल्यासारखं मात्र कुणालाच वाटलं नाही.

मग एका सकाळी ताईचा फोन आला. आईला अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. हॉस्पिटलमधून घरी आणली, ताई वडाळ्याचं आपलं घर नवऱ्यावर टाकून लालबागला येऊन राहिली. पण खरी अडचण वेगळी होती. आईला गिळता येत होतं, पण जपून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मऊ, घट्टसर, गुठळी नको, रवाळ काही नको, श्वासात गेलं तर जीवावर बेतेल. ताईने खिमटी केली, भोपळा घोटला, केळं कुस्करलं. आई ओठ घट्ट मिटून घ्यायची. जन्मभर तिला लिबलिबीत काही आवडलं नाही, ती आता का खाईल?

"आठवडाभर बघणार म्हणालेत," ताई म्हणाली. "नाही खाल्लं तर नाकातून नळी. तू ये."

मी गेलो. आई खाटेवर होती, बाबांच्या जागी. मला बघून तिचा डावा डोळा हसला. आणि मी, तिचा शहाणा मुलगा, ठरवून आलो होतो की तिला तिच्या आवडीचं खायला घालणार. बाजारात गेलो, आईच्या ओळखीच्या कोळणीकडून बोंबील घेतले, दाबले, कुरकुरीत तळले. मग मिक्सरमध्ये घालून त्यांची पूड केली. मऊच हवं ना, घ्या. ताई दळण घेऊन आली आणि मिक्सरकडे बघत उभी राहिली.

"हे काय आहे?"

"तळलेले बोंबील. बारीक केलेत."

"चटणी आहे का ती? घशात अडकून जाईल रे. एवढी डिग्री घेतलीस, तिकडे हेच शिकवतात?"

पूड मी खाल्ली. चवीला उत्तम होती, आणि घशाखाली उतरत नव्हती.

न दाबता उरलेले कच्चे बोंबील टोपात घातले, दुसरं काही सुचेना म्हणून. आगळ, तिखट, थोडं खोबऱ्याचं वाटण. जन्मात कालवण केलं नव्हतं, फक्त नाक मुरडत बघितलं होतं. एवढं बघूनही जी एक गोष्ट लक्षात ठेवायची तीच विसरलो, आणि डाव घालून चांगलं ढवळलं. बोंबील गायब. टोपात नुसता गुलबट लगदा. बाबा असते तर त्यांनी टोप उचलून माझ्या डोक्यावर पालथा घातला असता.

ताईने डोकावून बघितलं. बोटाने थोडं चेपून बघितलं. मग म्हणाली, "अरे, हेच हवंय की." तिने बसून बोटांनी एकेक काटा शोधून काढला, मऊ भातात कालवून ते घट्ट केलं, आणि वाटी माझ्या हातात दिली. "तू भरव. माझ्या हातचं नको म्हणून झालंय."

आईला उशीला टेकवून बसवलं. चमचा ओठांपाशी नेला. वास तिच्यापर्यंत पोहोचला असावा. तिने डोळे मिटले. ओठ उघडले. मी चमचा आत सोडला आणि तिच्या गळ्याकडे बघत राहिलो. आयुष्यात इतकं लक्ष देऊन मी कशाकडे बघितलं नव्हतं, परीक्षेच्या निकालाकडेही नाही. गळा हलला. उतरलं.

दुसरा चमचा. तिसरा. वाटी अर्धी झाली तेव्हा तिने डावा हात वर केला, थांब म्हणून. वाटीत बघितलं, मग माझ्याकडे. वाकड्या तोंडाने, लाळ सावरत, झटका आल्यापासूनचा पहिला समजेल असा शब्द बोलली.

"शेंबूड."

ताई भिंतीला टेकून हसत सुटली, इतकी की खाली बसली, आणि मग तिचा आवाज हसण्यासारखा राहिला नाही. मी वाटी घेऊन मोरीत गेलो आणि बराच वेळ एक वाटी विसळत राहिलो.

नळी टळली. आई रोज खाऊ लागली, बाबांचं कालवण, माझ्या चुकीच्या पद्धतीने. माझी सुट्टी संपली. टॅक्सी खाली उभी होती, बॅग खाटेला टेकवून मी चपला शोधत होतो. वळलो तर आईने डावा हात बॅगेवर ठेवला होता. तिला काय म्हणायचं होतं मला माहीत नाही. जाऊ नको म्हणत असेल, किंवा पाणी गेलं का बघत असेल. हात नुसता ठेवलेला नव्हता, दाबलेला होता. उरलंसुरलं सगळं बळ लावून. तो मला एकेक बोट करून सोडवावा लागला.

पुढे पावसाळ्याची मासेमारीबंदी लागली, बोटी बंद झाल्या. पावसाळ्यात समुद्र ज्याचा त्याला परत द्यायचा असतो. ताई बर्फातले बोंबील आणायची, पण आईला फरक कळायचा. एक चमचा घ्यायची आणि ओठ मिटायची. मग तोही घेईना. शेवटी नळी लागलीच. नारळी पौर्णिमेला नारळ सोडून बोटी परत पाण्यात गेल्या, कोळणीने पहिल्या जाळ्यातले बोंबील घरी पाठवले. तोवर खाट रिकामी झाली होती. मी पोहोचलो तो आईच्या दिवसांना. ताईने पाटा धुवून भिंतीला उभा करून ठेवला होता. नेतोस का, म्हणाली. कसा नेणार. त्या दगडाला कुठल्याच विमानात जागा नसते.

लोक विचारतात, आता मुंबईत तुझं कोण? मी ताईचं नाव सांगतो, आणि ते खरंच आहे. पण घर म्हणजे मला आता खोली आठवत नाही, गल्ली आठवत नाही. एकाच माशाचे न बोलता दोन वाटे करणारे हात आठवतात. मला हवा तसा माझा, बाबांना हवा तसा बाबांचा. एवढंच होतं ते घर.

परत आल्यावर एका रविवारी मी फ्रीजरमधून बोंबील आणले. दोन वाटे केले. अर्धे टोपात, कारण आता मला तेही उतरतात. अर्धे ताटात मांडले, वर पोळपाट ठेवला, पोळपाटावर बॅग. थांबलो. पाण्याचा थेंब निथळेना. मग लक्षात आलं, मी नुकताच परत आलोय, बॅग रिकामी आहे. आणि आत भरावं असं काही सुचेना.

तेव्हा मी बॅगेवर बसलो. इकडे येऊन माझं वजन बरंच वाढलंय, कुठे तरी उपयोगी पडावं.

बायको दारात आली. सवयीने खिडकीकडे वळली, आणि खिडकीला हात न लावताच थांबली.

"कुठे निघालास?"

"कुठे नाही. पाणी जायला हवं."

तिने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग फणसवाडीची ती बाई माशांना वळसा घालून आत आली आणि म्हणाली, "सरक जरा."

आम्ही दोघं बॅगेवर बसून राहिलो. थोड्या वेळाने पाणी सुटायला लागलं.