झडतीवाले सर

सर मला आत घेण्याआधी माझे खिसे तपासत. रोज. लायटर, मोबाइल काढून घेत; चिल्लरसुद्धा बाहेरच्या खिडकीत ठेवायला लावत. प्रयोगशाळेत हायड्रोजनचा सिलिंडर होता, हे खरं. पण इतकी वर्षं बरोबर काम केल्यावर माणसाच्या शब्दावर विसंबावं की नाही? "तुझ्यावर विश्वास आहे रे," ते म्हणत, "तुझ्या खिशांवर नाही."

मला हा माणूस आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

मोरिवलीत कारखान्यांच्या मागे आमची प्रयोगशाळा. भूल दिलेल्या उंदराचं रक्त काढायचं, रक्तदाब कोसळू द्यायचा, म्हणजे शॉक. मग रक्त परत देताना ऑक्सिजनबरोबर किंचित हायड्रोजन हुंगवायचा आणि उंदीर तगतो का ते पाहायचं. सिलिंडर दोन, अ आणि ब. एकातच हायड्रोजन, दुसऱ्यात नुसता ऑक्सिजन. कशात, ते फक्त आनंदनगरच्या गॅस भरणाऱ्याला ठाऊक. "आपल्याला कळलं की आपण एकाचे लाड करतो," सर म्हणत. एखादा उंदीर जगला म्हणून मी हसलो तर खेकसत, "बारसं करतोस काय त्याचं?"

माझा दादा आनंदनगरलाच एका कारखान्यात होता. एका दुपारी त्याचा हात मशीनमध्ये गेला. उल्हासनगरच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, ब्लडप्रेशर लागत नाहीये. कुळगावहून धावत आलेली वहिनी मला म्हणाली, "भावजी, तुमचा तो गॅस आणा ना." मी रिक्षा पकडली.

"सर, सिलिंडर द्या. दादाचं रक्त फार गेलंय."

"कुठला देऊ? अ की ब?"

"फोन करून विचारा त्या माणसाला."

"नाही विचारणार. ठाऊक असतं तरी दिला नसता. तुझा भाऊ माझा उंदीर नाही." मग कोट उतरवत म्हणाले, "रक्तगट काय त्याचा? चल."

ते आले, रक्तपेढीत आडवे झाले, सुई नीट धर म्हणून तिथल्या मुलीवर ओरडले. दादा संध्याकाळी गेला.

"माझा भाऊ तुम्ही मारलात," मी त्यांना तोंडावर म्हणालो. मी कामावर परतलो त्या सकाळी त्यांनी नेहमीसारखे माझे खिसे तपासले. नंतर मी कामापुरतंच बोलत राहिलो. वहिनी दर वर्षश्राद्धाला एकच विचारायची, "दिला असता तर?"

सर निवृत्त होता होता अ आणि ब उघड झाले. दोन्हींकडचे उंदीर सारख्याच प्रमाणात मेले होते. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटली.

"वहिनीला सांगू?" मी विचारलं.

"सांग. पण हेही सांग, की हे आपल्या उंदरांचं आहे. माणसाचं मला माहीत नाही."

तेवढा दिलासासुद्धा त्या माणसाने मला पुरता दिला नाही.

सर आता नाहीत. वहिनीला मी सांगितलं, गॅसने काही झालं नसतं. पुढचं सांगितलं नाही. ती तेव्हापासून शांत आहे, आग्रहाने जेवायला बोलावते. तिच्या दारात चपला काढताना माझा हात अजून आधी खिशाकडे जातो.