जोडीचा शिंपला

शालिग्राम घाबरट होता. कुत्र्याला घाबरायचा, प्राचार्यांना घाबरायचा, रेल्वेच्या फाटकात मालगाडी नुसती उभी दिसली तरी सायकलवरून उतरून चालायला लागायचा. पाचोऱ्याच्या एकाच कॉलेजात आम्ही शिकवत असू, तो प्राणिशास्त्र आणि मी वनस्पतिशास्त्र. राहायलाही शेजारी शेजारी. त्याची आई वच्छलाबाई, म्हणजे आम्हा सगळ्यांची अक्का, भडगावकडच्या खेड्यातली. गिरणेच्या पुरात पोहून म्हैस परत आणलेली बाई. वाघिणीच्या पोटी ससा आला, असं मी त्याला तोंडावर म्हणायचो, आणि तोही हसायचा.

एका गोष्टीपुरता मात्र तो धीट होता. समुद्रातल्या शिंपल्यांबद्दल बोलायला लागला की त्याचा आवाज बदलायचा. आमच्या पोरांनी समुद्र कशाला पाहिलाय? हा दर वर्षी त्यांना सहलीला कोकणात न्यायचा, स्वतः पाण्यापासून दहा हात लांब उभा राहायचा, आणि पोतंभर शिंपले घेऊन यायचा. वर्गात सांगायचा, बाहेरचा रंग बघून फसू नका, आतली बिजागरी बघा. फणीसारखी बारीक दातांची ओळ दिसली तर एक कुटुंब, आणि त्याच्या अंगात आपल्यासारखं लाल रक्त. दात नाहीतच, तर कालव. मोजके पण जाड दात असले आणि शिंपला गुळगुळीत असला तर तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांचं कुटुंब, जे कोकणात लोक आवडीने खातात. दोन्ही झाकणांचे दात एकमेकांत बसतात, म्हणून लाटांनी आपटलं तरी जनावर आत सुरक्षित राहतं.

सत्त्याऐंशी सालच्या दिवाळीच्या सुट्टीत त्याने यातलं काही काम घरी आणलं. त्यात दोन प्रकारचे शिंपले होते. एक, डब्यातले. उकळून धुतलेले, निव्वळ कवच, दोन्ही झाकणं सुटी, पोरांना हाताळायला. दुसरे, कपाटात मांडायचे. त्यांच्या बिजागरीला वाळलेलं मांस चिकटलेलं असल्याने कीड लागायची, म्हणून त्यांना त्याने कॉलेजात रसकापुराचं पाणी लावलं होतं. आमच्या वाळवलेल्या पानांनाही आम्ही तेच लावत असू. जहाल विष. या शिंपल्यांचं डावं झाकण पुठ्ठ्यावर उताणं चिकटवलेलं आणि उजवं शेजारी सुटं ठेवलेलं. घाबरटच तो, सगळं माळ्यावर चढवून ठेवलं आणि बायकोला, लताबाईला, हात लावू नको म्हणून बजावलं. आईला सांगायचं राहिलं, कारण आई तेव्हा गावाला होती.

लताबाईला मुलगी झाली होती, महिनाभराची. अंगावरचं दूध पुरत नव्हतं म्हणून अक्का गावाहून आली ती शेळीच्या दुधाची सोय करूनच. आमच्याकडे तान्ह्या लेकराला शिंपल्याने दूध पाजायची रीत आहे. नदीतला शिंपला, घासून घासून कड मऊ केलेला. ज्या शिंपल्याने शालिग्रामला पाजलं होतं तोच अक्काने लुगड्याच्या गाठीत बांधून आणला होता. एके सकाळी तो हातातून निसटून फरशीवर फुटला.

मी आणि शालिग्राम भाजी घेऊन परतलो तेव्हा अक्का मांडीवर नात घेऊन बसली होती आणि तिच्या हातात आतून पांढराशुभ्र, गुळगुळीत शिंपला होता. माळा आवरताना सापडला, नदीतल्यापेक्षा चांगला आहे, असं तिने कौतुकाने सांगितलं. तिने सगळेच सुटे शिंपले पुसून बाजेवर उन्हात घातले होते. डब्यातले आणि पुठ्ठ्यांजवळचे, सगळे एकत्र.

शालिग्रामच्या हातातली पिशवी पडली. त्याने अक्काच्या हातातला शिंपला ओढून घेतला.

पोरीने थोड्या वेळापूर्वी दूध ओकलं होतं आणि आता ती डोळे मिटून लुळी पडली होती. आतून आलेल्या लताबाईने तिला उचललं, पदराखाली घेतलं आणि अनवाणीच गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांकडे धावली. मी मागोमाग. डॉक्टरांनी पोरीला तपासलं, सगळं ऐकून घेतलं आणि मला बजावलं की विष पोटात गेलंय की नाही ते नक्की सांगा. विष असेल तर ताबडतोब जळगावला हलवू, मी गाडी सांगून ठेवतो. पण नसेल तर एवढ्याशा जिवाला विषावरची औषधं देणं हाच धोका. मी तसाच उलटा पळालो.

शालिग्राम जमिनीवर पुठ्ठे मांडून बसला होता. मी निरोप सांगितला. त्याने तो शिंपला धुऊन हातात घेतला होता आणि त्याचं टोक कुठल्या बाजूला झुकलंय ते बघत होता. झाकण डावं असतं तर प्रश्न मिटला असता, कारण विष लावलेली सगळी डावी झाकणं पुठ्ठ्यालाच चिकटलेली होती. त्याने दोनदा फिरवून पाहिलं. उजवं होतं.

वर्ग, कुटुंब, जात, सगळं त्याला झोपेत सांगता आलं असतं. पण बाजेवरचे सगळे शिंपले एकाच जातीचे होते, आणि जात कळून आज काही उपयोग नव्हता. त्याला या एकट्या शिंपल्याचा जोडीदार हवा होता. एका शिंपल्याचे दात दुसऱ्याच्या जोडीदारात नीट बसत नाहीत, हे तो दर वर्षी पोरांना गंमत म्हणून दाखवायचा. आता तो पहिल्या पुठ्ठ्यावर हातातलं झाकण टेकवत होता आणि घाईत ते वाकडं पडत होतं, दात दाताला लागतच नव्हते. मी त्याचं मनगट धरलं.

बसलं नाही. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावर मोठं झालं. पुढच्या एकावर मात्र झाकण अलगद उतरलं आणि थांबलं. शालिग्रामने डोळे मिटून घेतले, मग पुठ्ठा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. दोन कडांच्या मधून केसाएवढी उजेडाची रेघ दिसत होती. त्याने अंगठ्याने दाबलं, झाकण किंचित डगमगलं. "हा नाही," तो म्हणाला, आणि लगेच, "हा नाही ना रे?" असं मला विचारलं. मला काय कळणार? मीही घाबरलो होतो.

अक्का इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. मी मघाशी विष म्हणालो ते तिने ऐकलं होतं. ती सरकत पुढे आली आणि तिने हात पसरला.

"इकडे आन तो शिंपला. मी चाटी देखस. मी मरनू, ते इख व्हतं आसं समज."

शालिग्रामने शिंपला मुठीत घट्ट धरला. आयुष्यात पहिल्यांदा तो आईवर खेकसला, गप बस म्हणाला. पण तिचा हात तसाच पसरलेला राहिला. पुराला न भ्यालेल्या त्या बाईला असा हात पसरताना मी कधी पाहिलं नव्हतं.

पुठ्ठे संपले. एकातही बसला नाही. मी उठायला लागलो, तर त्याने मला खाली ओढलं. नुसतं बसला नाही यावर त्याचा विश्वास नव्हता, आपला हात चुकला असेल तर? जोडीदार सापडायलाच हवा होता. मग आम्ही बाजेवरच्या ढिगातून डावी झाकणं शोधायला लागलो. अक्का एकेक पुसून त्याच्या हातात देत होती. तो लावायचा, उजेडात धरायचा, बाजूला टाकायचा. घरात फक्त शिंपल्यांचा आवाज होता. दारातून कुणी पळत येतंय का, म्हणून मी सारखा रस्त्याकडे बघत होतो.

मग एक झाकण टक् करून बसलं. त्याने खिडकीत धरलं. उजेड नाही. उलटं केलं, हलवलं, दाबलं. नख घालायलाही जागा नव्हती. बाहेरच्या तपकिरी रेषा या झाकणावरून त्या झाकणावर सरळ गेलेल्या होत्या.

"डब्यातला आहे," तो म्हणाला. "धुतलेला. आई, धुतलेला आहे."

मी डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी पोरीला संध्याकाळपर्यंत तिथेच ठेवून घेतलं. शेळीचं दूध जड झालं होतं, बाकी काही नव्हतं. उन्हं उतरताना ती भुकेने एवढ्या जोरात रडली की लताबाईलाही रडू फुटलं. शालिग्राम दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला.

पुठ्ठे दुसऱ्याच दिवशी कॉलेजात गेले. शालिग्राम पुढेही कुत्र्याला घाबरत राहिला आणि पुढेही शिंपले शिकवत राहिला. बदलली ती अक्का. नात शाळेत जायला लागली तरी तिला द्यायचं दूध, पाणी, पेज, काहीही असो, अक्का आधी स्वतः घोटभर घ्यायची. मग वाटी हातात धरून थोडा वेळ थांबायची. पोर चिडायची, हात ओढायची, तरी थांबायची.

एकदा मी सहज म्हटलं की अक्का, आता कशाला? तो शिंपला तर चांगला निघाला होता.

"तो चांगला निंघना," ती म्हणाली. "पन मी ते न देखता पाजी दिन्हं व्हतं."

एवढं बोलून तिने घोट घेतला आणि वाटी धरून बसून राहिली. काही झालं नाही असं बघून मग ती नातीच्या हातात दिली.