काळझग्याचं तोंड

माझा चुलतभाऊ श्रीपती मुंबईत सिनेमात होता. सिनेमात म्हणजे सहायक दिग्दर्शक. नटांच्या डोक्यावर छत्र्या धरायच्या आणि वर शिव्या खायच्या. पण १९८३च्या एका दिवाळी अंकात त्याने काढलेली चित्रकथा आली आणि ती एका निर्मात्याच्या डोळ्यांत भरली. तिचा नायक काळझगा. काळा झगा, काळा मुखवटा, पोरीबाळींना छळणाऱ्यांना अंधारात गाठणारा आणि स्वतः कधीच सुखी नसणारा.

हा काळझगा म्हणजे त्याचे वडील, आमचे काशीरामकाका. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात शिमग्याला घरोघर नाचणारे खेळे निघाले, की काळ्या मुखवट्याचा संकासुर तेच व्हायचे. निर्माता म्हणाला, "आधी थोडं चित्रण करून दाखव. शेवटी मुखवटा उतरव. नायकाचं तोंडच दिसलं नाही तर पिक्चर बघणार कोण?"

श्रीपती उसना कॅमेरा घेऊन शिमग्याला आला. काका अंगणात मन लावून नाचले. पण मुखवटा काढायला सांगितल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. घरात आल्यावर म्हणाले, "मानसांसमोर तोंड दावलं तर त्यो संकासुर कसला? मंग त्यो नुस्ता काशीराम."

"बाबा, माझं सगळं आयुष्य टांगलंय ह्यावर."

"फुडल्या शिमग्याला देवीला कौल लावू. ती हो बोलली तर काढीन."

श्रीपती थांबला, निर्माता थांबला नाही. मला राग आला तो काकांचाच. पोरापेक्षा कौल मोठा? भांडायचंही ठरवलं होतं. पण श्रावणात काका तापाने गेले, आणि श्रीपती गावी परतून रत्नागिरीतल्या थिएटरचे बोर्ड रंगवू लागला.

घरात काकांचा एकही फोटो नव्हता. वर्षश्राद्धाला गंगाकाकी म्हणाली, "ती फिल्लम तरी दाव." श्रीपतीने यंत्र मागून आणलं आणि काकांचंच धोतर भिंतीला लावलं. काका नाचू लागले.

"पाय त्येंचंच," काकी म्हणाली. "पन घुंगरं का वाजत न्हायत?"

कॅमेरा मुका होता. काकीने खुंटीवरचा घुंगरांचा पट्टा काढला आणि काकांच्या पावलागणिक वाजवू लागली. एक ठेका चुकला नाही.

रीळ संपलं. धोतर पांढरं झालं, तरी घुंगरं वाजतच होती.

"आये, संपलं गं," श्रीपती म्हणाला.

"थांब वायच. त्येंची फेरी पुरी होऊंदे."