एकवीस हजारांच्या आत

विजयश्री गाडेकरशी वाद घालायचा नाही, हे कुरुळीत घरमालकापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. घालून बघितलाय ना लोकांनी! घरमालकानं एकदा पाण्याच्या मोटारीचं बिल सगळ्या भाडेकरूंवर सारखं वाटलं. हिनं जिन्यात उभं राहून कुणाच्या खोलीत माणसं किती आणि कोण किती दिवस गावाला होतं, हे सगळं धडाधड म्हणून दाखवलं. मालक म्हणाला, बाई, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं. वकील कसली होते! कळंबकडच्या एका खेड्यातून बारावी होऊन, लग्न करून आली आणि चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बांधायला लागली. तेरा वर्षं बांधतेय. पहिली चार कंत्राटात गेली, मग परमनंट झाली.

अशा बाईला युनियनच्या कमिटीवर घेतलं नसतं तरच नवल. कंपनीत परमनंट बायका एकशे चाळीस, आणि कमिटीवर तोवर सगळे पुरुष. कॅन्टीनच्या डाळीत पाणी किती आणि डाळ किती हे विचारायला ती वाटी घेऊन थेट एचआरच्या निरंजन साहेबांच्या टेबलापाशी गेली, त्या दिवसापासून बायकांनी ठरवलं की हीच आपली. निवडून आल्यावर तिनं स्वतःशी एक नेम धरला. कमिटीवर बसून घरचं काही मागायचं नाही. आधीच्या एका मेंबरानं भाच्याला नोकरीला लावून घेतलं होतं आणि त्याबदल्यात बायकांचा बोनस कमी करून घेतला होता. तिला त्याची शिसारी होती.

आणि घरचं म्हणावं तर मागण्यासारखं डोंगराएवढं होतं. तिचा नवरा मालोजी गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. गडी कसा, तर पैलवानी. बीपी वाढलेलं कधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार-चार तास डायलिसिस. तीन वर्षं झाली. हे सगळं चाललं होतं विजयश्रीच्या कामगार विम्याच्या कार्डावर. तिच्या पगारातून दरमहा थोडे पैसे कापले जायचे आणि त्यावर नवऱ्याचा पूर्ण इलाज व्हायचा, एक पैसा न भरता. कागद लागायचे, शिक्के लागायचे, दर थोड्या दिवसांनी भोसरीच्या विमा कचेरीत जाऊन इलाजाची पुढची चिठ्ठी आणावी लागायची. रांगेत उभं राहून पायाचे तुकडे पडायचे. पण इलाज व्हायचा, हे खोटं कशाला बोला.

शेवटी तिनंच ठरवलं की आपली एक किडनी द्यायची. रक्तगट जुळला, तपासण्या झाल्या, फाइल तयार झाली. हा खर्चही विम्यात बसत होता, आणि मुख्य म्हणजे नंतर जन्मभर घ्यायच्या गोळ्याही बसत होत्या. मालोजी तिला चिडवायचा, तुझी किडनी बसवली की मीही भांडकुदळ होईन, मग घरमालक पळून जाईल.

त्याच उन्हाळ्यात पगारवाढीचा करार निघाला. नऊ बैठका झाल्या. कंपनी वाढ द्यायला तयार होती, पण अर्धी मूळ पगारात आणि अर्धी धुलाई भत्ता, प्रवासखर्च अशा नावांखाली. आता या पट्ट्यातल्या कुठल्याही युनियनवाल्याला झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल की भत्ता म्हणजे गाजर. भत्त्यावर पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, मालकाच्या मनात आलं की बंद. वाढ पाहिजे तर बेसिकमध्ये. हे बाळकडू तिला युनियनचे म्हातारे पुढारी यशवंतराव यांनी पाजलेलं, आणि तिनं ते अंगी लावून घेतलेलं. सातव्या बैठकीत यशवंतराव स्वतः थकले, म्हणाले, अर्ध्यावर मिटवू. हिनं मिटवू दिलं नाही. त्याच बैठकीत चहाच्या वेळी निरंजन साहेब तिच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, ताई, तुमचं वैयक्तिक काही असेल तर मोकळेपणानं सांगा. तिच्या मस्तकात तिडीक गेली. आपल्याला फोडायला बघतात, असं वाटलं तिला. माझं वैयक्तिक काही नाही, असं म्हणून ती कप ठेवून निघून गेली.

सप्टेंबरच्या शेवटी सह्या झाल्या. सगळी वाढ बेसिकमध्ये. गेटवर गुलाल, पेढे, ढोल. बायकांनी विजयश्रीला उचलून घेतलं. गिरजाबाई म्हणून एक आहे, चार वर्षांत निवृत्त होईल, ती तर गळ्यात पडून रडली. नवऱ्यानं टाकलेली बाई, तिला त्या वाढलेल्या ग्रॅच्युइटीवरच म्हातारपण काढायचंय.

आठवड्यानं नोटीस बोर्डवर यादी लागली. पगार एकवीस हजारांच्या वर गेल्यामुळे खालील कामगार विमा योजनेच्या बाहेर जात आहेत, त्यांना कंपनीचा मेडिक्लेम लागू होईल. त्यात बायकांची एकशे चाळीसच्या एकशे चाळीस नावं. पुन्हा पेढे! सुटलो बाई त्या रांगेतून, आता चकाचक खासगी दवाखान्यात जाऊ, असं ज्या त्या बाईच्या तोंडी. विजयश्रीनं आपलं नाव वाचलं. मर्यादा आहे हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण चालू असलेला इलाज मधेच थोडाच तोडतात, चालू केस चालूच राहत असणार, असं तिनं मनाशी धरलं होतं. एकशे चाळीस बायकांच्या पगाराचा कागद जिला तोंडपाठ, तिनं आपल्या नवऱ्याचा हा एक कागद कुणाला विचारला नाही. विचारायचं म्हणजे घरचं टेबलावर आणायचं.

ती भोसरीला गेली. चिठ्ठीच्या खिडकीवर जुना क्लार्क होता, ओळखीचा. भला माणूस. त्यानं तिला बाहेर बाकावर बसवून सांगितलं. आतापर्यंत पैसे कापले गेलेत त्यावर जूनअखेरपर्यंत चालेल. पुढे नाही. चालू केस वगैरे काही नसतं. तिनं विचारलं, मीच कापायला लावले तर? तो म्हणाला, तशी सोय नाही, पगार मर्यादेच्या आत पाहिजे. मग त्यानं सहज विचारलं की वाढ सगळी बेसिकमध्ये कशी काय मिळाली, बाकी कंपन्या तर धुलाईत नाहीतर प्रवासात टाकतात आणि ती मर्यादेत धरत नाहीत. अर्धी तशी असती तर तुम्ही आत राहिला असता. तिनं कार्ड पिशवीत ठेवलं आणि ती बाकावरून उठली.

मग एकच धडपड उरली, जूनच्या आत ऑपरेशन. ती हॉस्पिटलात गेली. तर तिथं दुष्काळात तेरावा महिना! शेवटच्या तपासणीत मालोजीच्या छातीत टीबी निघाला होता. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं की आधी त्याची औषधं पूर्ण करायची, आठ-नऊ महिने, मगच ऑपरेशन. घाई केली तर नवीन किडनीही जाईल आणि माणूसही. विजयश्रीनं बोटांवर महिने मोजले. कसेही मोजले तरी जुलै-ऑगस्ट येत होता.

तिनं सोडलं असेल म्हणता? कंपनीच्या मेडिक्लेमचं पुस्तक रात्रीत वाचून काढलं. वर्षाला कुटुंबामागे दोन लाख, त्यात डायलिसिसच कसंबसं भागेल, ऑपरेशनला काय उरणार? रेशनकार्डावरच्या सरकारी योजनेच्या टेबलापाशी गेली. तिथल्या मुलीनं सांगितलं की ऑपरेशन बसेल, पण हॉस्पिटल दुसरं, फाइल पुन्हा पहिल्यापासून, आणि जन्मभराच्या गोळ्यांचं तुमचं तुम्ही बघायचं. त्या गोळ्या महिन्याला किती रुपयांच्या हे विजयश्रीला ठाऊक होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय म्हणायचं!

यशवंतरावांना तिनं अखेर सांगितलं. म्हातारा हबकला. आधी का नाही बोललीस पोरी, एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मग म्हणाले की मार्ग एकच, करार पुन्हा उघडायचा, अर्धी वाढ भत्त्यात टाकायची. पण एकटीसाठी नाही होत, सगळ्यांची टाकावी लागेल. बायकांची सभा घेऊ, तू सांग, तुझ्यासाठी नाही म्हणणार नाहीत.

नाही म्हणणार नाहीत हे तिलाही माहीत होतं, आणि नेमकी त्याचीच भीती वाटली. दुपारच्या सुट्टीत ती कॅन्टीनमध्ये उभी राहिली. समोर गिरजाबाई पगाराची पावती दोघीतिघींना दाखवत होती, बोट ठेवून, हे बेसिक बघ, हे बेसिक. विजयश्रीला हाका मारून तिनं शेजारी बसवलं आणि आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी वाढली. विजयश्री जेवली. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि ती लाइनवर गेली. सभेचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

मग तिच्या डोक्यात आलं की मर्यादेच्या आत यायचं तर आपण एकटीनं खाली उतरायचं. राजीनामा द्यायचा आणि त्याच कंपनीत कंत्राटदाराकडून लागायचं. कंत्राटात पगार सोळा-सतरा हजार, विम्याचे पैसे कापले जातात, कार्ड चालू. मालोजीला सांगितलं तेव्हा तो डायलिसिसहून आलेला, पडून होता. उठून बसला.

“तुझी नोकरी खाऊन मी जगू?” तो म्हणाला. “राजीनामा दिलास तर मी डायलिसिसच्या खुर्चीवर परत बसणार नाही. सांगून ठेवतो.”

“नका बसू. मरा. मग मी एकटी बसते परमनंट होऊन.”

बोलून गेली आणि तिला आपल्याच तोंडाची भीती वाटली. मग ती हमसून हमसून रडायला लागली, आणि रडताना म्हणाली की मला दुसरं काही येत नाही हो, भांडायला येतं, पण इथं भांडायचं कुणाशी तेच कळत नाही. सगळे चांगलं बोलतात, सगळे समजावून सांगतात. मालोजीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. नको म्हणाला नाही, दे म्हणालाही नाही. गुरुवारी तो मुकाट्यानं डायलिसिसला गेला. त्यात तिनं काय ते समजून घेतलं.

शुक्रवारी ती निरंजन साहेबांच्या केबिनमध्ये गेली. ज्यांच्यासमोर नऊ बैठका ताठ बसली, त्यांच्यासमोर उभी राहिली. साहेब बसा म्हणाले तरी बसली नाही. सगळं सांगितलं. साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला.

“मला थोडंफार माहीत होतं ताई. तुमच्या रजेच्या अर्जांवर कारण असायचं. म्हणून तर तुम्हाला विचारलं होतं.”

या माणसाला आपण फोडाफोडी करणारा समजलो, ही शरम वेगळी, आणि त्या एका चहाच्या कपापाशी नुसतं हो म्हटलं असतं तर, हे वेगळं. ती एवढंच म्हणाली, “मला कंत्राटात घ्या साहेब. जुन्या लाइनवर नको, कुठंही चालेल. हे एवढंच माझ्यासाठी मागतेय.”

साहेब बराच वेळ समजावत राहिले. नऊ वर्षांची परमनंट नोकरी, करार तुम्ही आणलेला, परत अशी संधी नाही. मग नियम सांगितला. परमनंट माणसाला थेट कंत्राटात टाकता येत नाही, आधी राजीनामा मंजूर व्हायला पाहिजे. कंत्राटदार घेईल की नाही ते त्याच्या हातात, कंपनी लेखी काही देऊ शकत नाही. तिनं कागद मागितला. चार ओळी लिहिल्या, घरगुती कारणास्तव, आणि सही केली. अक्षर चांगलं आहे तिचं. साहेबांनी त्यावर मंजूर असं लिहिलं, तारीख घातली, स्वतःची सही केली आणि कागद फाइलीत लावला.

मग त्यांनी तिच्यासमोरच कंत्राटदाराला फोन लावला. कामाची तारीफ केली, तेरा वर्षांचा अनुभव सांगितला, चूक म्हणून एक सांगितली नाही. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. साहेबांनी फोनवर हात ठेवला.

“वय किती तुमचं?”

“एक्केचाळीस,” ती म्हणाली.

साहेबांनी फोनमध्ये एक्केचाळीस सांगितलं. पलीकडचा बराच वेळ बोलत होता, साहेब नुसतं हं हं करत होते. फोन ठेवून त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. तिशीच्या पुढच्या बायका ते सहसा घेत नाहीत म्हणतात, असं ते म्हणाले, पण सोमवारी येऊन भेटा, बघू म्हणतात.

ती बरं म्हणाली. थँक्यू म्हणाली. आणि दुसऱ्या शिफ्टची वेळ झाली होती म्हणून सवयीनं लाइनवर जाऊन उभी राहिली.