कळंबच्या अंगणात लावलेलं मेडल

आमच्या दारात कर्जतच्या कचेरीचा पट्टेवाला येऊन उभा राहिला तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की ह्यांनी काहीतरी करून ठेवलंय. हे म्हणजे आमचे मालक. त्यांचं नाव मी उखाण्याखेरीज कधी घेतलं नाही, आता लिहिताना तरी कशाला घेऊ? पण पट्टेवाला हसतमुख होता. म्हणाला, जर्मनच्या लढाईत गेलेल्यांची मेडलं आलीत, प्रांतसाहेब स्वतः येऊन छातीवर लावणार आहेत, बुधवारी सकाळी पलटणीचा कोट घालून कचेरीपुढे हजर राहायचं.

लढाई संपून तेव्हा तीन वर्षं होत आली होती. "वरातीमागून घोडं," मी म्हटलं. पट्टेवाल्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पाणी पिऊन गेला. ह्यांनी लगेच खुंटीवरचा खाकी कोट काढला. तो पोटावर बसेना. "कापड आटलंय," म्हणाले. मी म्हटलं, "कापड बिचारं जागच्या जागी हाय. माझ्या भाकरीला बोल लावा." मग बसले चिंचेनं बटणं घासत.

हे लढाईत गेले ते बंदूक चालवायला नव्हे. आधी माथेरानला साहेबलोकांची घोडी धरून डोंगर चढायचे-उतरायचे. तिथं ह्यांचा एक जोडीदार होता, कळंबचा. एकाच मालकाची घोडी, एकाच पडवीत झोपणं, एकाच ताटात जेवणं. भरतीवाला आला आणि म्हणाला, घोडी सांभाळता तर खेचरंही सांभाळाल. दोघं एकाच दिवशी गेले. बसऱ्याच्या मुलखात खेचरांवरून पाणी आणि दारूगोळा वाहायचं काम. हे परत आले. जोडीदार तिकडेच तापानं गेला. लग्न झालेलं नव्हतं, बाप तो लहान असतानाच वारलेला. मागे राहिली एकटी आई.

परत आल्यापासून हे सवड मिळेल तेव्हा कळंबला जाऊन तिची लाकडं फोडून द्यायचे, छप्पर शाकारून द्यायचे. हे तिला आये म्हणायचे, मी मावशी. बारीक चणीची, कमी बोलणारी बाई. माझ्यासारखीपुढे तिला बोलायला वावच कुठे मिळायचा म्हणा.

पट्टेवाला तिच्याकडेही गेला होता. दोन दिवसांनी ती एकटी आमच्याकडे आली. भाकरी खाल्ली, हात धुतले आणि ह्यांना म्हणाली, "कसं देत्यात रं ते? मला नीट सांग."

"समद्यांना रांगेत उभं करत्यात, आये," हे म्हणाले. "एकेकाचं नाव पुकारत्यात. आपन रांगेतनं निघायचं, ताठ चालत साहेबापुढं जायचं, उभं राहायचं. साहेब छातीवर मेडल लावतो. आपन सलाम ठोकायचा, फिरायचं, आनि परत रांगेत."

"नाव मोठ्यानं पुकारत्यात?"

"मोठ्यानं. समद्या लोकांम्होरं."

"आनि छातीवर लावत्यात."

"छातीवर."

तिनं दोनदा मान हलवली. जाताना मला म्हणाली, "माझ्या पोराचं कायच झालं नाय गं. ना हळद, ना अक्षता, ना सरणाला लाकडं. हे येवडं तरी हुईल, समद्यांचं व्हतं तसं." तिला काय हवं होतं ते मला तेव्हाच लख्ख कळलं. मुलाचं नाव चारचौघांत घेतलं जावं आणि त्याच्या छातीवर ते मेडल लागावं, एवढंच. जास्त काही मागत नव्हती.

बुधवारी कचेरीपुढे मांडव घातला होता. आंब्याच्या डहाळ्या, तांबडं कापड टाकलेलं टेबल, टेबलावर पुठ्ठ्याची छोटी छोटी खोकी. आम्ही बायका मांडवाबाहेर वडाखाली. मावशी धुवट लुगडं नेसून आली होती आणि काखेत फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं.

"काय गं हे?" मी विचारलं.

"त्याची बंडी. माथेरानला घालायचा ती." तिनं फडकं सोडून दाखवलं. खालच्या कोपऱ्याला ठिगळ होतं, पण स्वच्छ धुऊन घडी घातलेली. "छातीवर लावायचं ना? मग छाती मी कुठनं आनू? ही हाय."

मी सरकून तिला सावलीत जागा केली. 

साहेब यायच्या आधी एक कारकून रांगेतून फिरून प्रत्येकाच्या कोटाला डाव्या बाजूला तारेचा बारीक आकडा टोचून ठेवत होता. म्हणजे साहेबानं मेडल नुसतं अडकवायचं, सुईशी खेळायचं नाही. साहेबाच्या बोटाला रक्त आलं असतं तर लढाई पुन्हा सुरू झाली असती. मावशीनं ते पाहिलं, उठली, आणि दोन्ही हातांवर बंडी धरून त्याच्यापुढे गेली. "हिला बी लाव, बाबा."

त्यानं बंडीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "म्हातारे, तुमचं शेवटी. बाजूला बस जा." दुष्टपणानं बोलला असं नाही, घाईत होता. पण मला त्याचा असा संताप आला की हातात काही असतं तर फेकून मारलं असतं.

मग नावं सुरू झाली. ह्यांचं नाव पुकारलं तेव्हा मी पदराचं टोक दातात धरलं. इतक्या मोठ्यानं ते नाव मी कधी ऐकलंच नव्हतं. हे "हजर" म्हणाले, ताठ चालत गेले, टाचा जुळवल्या. साहेबानं मेडल अडकवलं, इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. ह्यांनी सलाम ठोकला, गर्रकन फिरले आणि रांगेत आले. घरात पाण्याचा तांब्या हातात द्यावा लागतो ह्या माणसाला, आणि इथं असा की बघत राहावं. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

मावशी प्रत्येक नावाला पुढे सरकायची. रांग संपली. साहेब खुर्चीवर बसला, त्याला चहा आला. टेबलावर तीन खोकी उरली होती. ती घेऊन मामलेदार मांडवाच्या कडेला आमच्याकडे आला. "कळंबची कोण?" मावशी उभी राहिली. त्यानं तिच्या हातात खोकं ठेवलं, कारकुनानं अंगठा घेतला, आणि ते पुढच्या बाईकडे वळले.

बाईमाणसाच्या छातीला साहेबानं हात कसा लावायचा, म्हणून कुणीतरी ही तोड काढली असणार. तोड शहाणपणाचीच होती. पण बंडी तिच्या काखेत होती तशीच राहिली.

ती रडली नाही. स्टेशनकडे चालताना एकदाच म्हणाली, "नाव नाय घेतलं गं."

आमचं गाव कोंडाण्याच्या वाटेवर, तिचं नेरळच्या पल्याड. तोंडं दोन दिशांना. पण हे म्हणाले, "आयेला घरी पोचवू." पोरगं मी सासूजवळ टाकून आले होते, ऊन डोक्यावर. "मी काय कुनाचं घोडं मारलंय म्हनून मला दिसभर हिंडवताय?" मी म्हटलं.  ह्यांचा चेहरा बघितला आणि मीही आगगाडीत चढले.

नेरळला उतरून कळंबकडे परत जाणारी एक बैलगाडी मिळाली. गाडीत मावशीनं खोकं उघडलं. नारिंगी पट्ट्याची फीत, चांदीचं गोल मेडल. एका बाजूला राजाचं डोकं. दुसऱ्या बाजूला घोडा आणि घोड्यावर एक पुरुष, अंगावर चिंधी नाही. मला राहवेना. "एवढं मोठं सरकार, आनि ह्याला एक लंगोटी नाय मिळाली?"

मावशी ते डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. "घोडं मातर चांगलं हाय," म्हणाली. "माझ्या पोराला आवडलं असतं." हे गाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसले होते. त्यांनी मान फिरवली नाही.

कळंबला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मावशी चूल पेटवायला आत निघाली, तसे हे अंगणात उभे राहून म्हणाले, "आये, बंडी आन."

तिला कळलं नाही. मला कळलं. ह्यांनी कोट काढला, स्वतःचं मेडल काढून माझ्या हातात दिलं. मी कोटाचा आकडा सोडवला आणि बंडीला डाव्या बाजूला टोचला. ह्यांनी बंडी चढवली. ती आखूड होती, पुढचे बंद जुळेनात. मग मला म्हणाले, "तू पुकार."

"मी? बाईमानसानं?"

"तुझ्यावानी आवाज तालुक्यात दुसऱ्या कुनाला हाय?"

हे गोठ्याच्या आड जाऊन उभे राहिले. मावशी मेडल मुठीत घेऊन ओट्यावर उभी राहिली, पदर डोक्यावरून नीट घेतला, पाठ ताठ केली. मी पदर खोचला. खाकरले, आणि घेतलं: गाव, बापाचं नाव, आणि त्याचं नाव. असं मोठ्यानं घेतलं की शेजारच्या बाया बाहेर आल्या. ते नाव मी इथं लिहीत नाही. ज्या अंगणात घ्यायला हवं होतं तिथं घेतलं, तेवढं पुरे.

गोठ्याआडून आवाज आला, "हजर."

मावशीचा हात तोंडावर गेला.

हे चालत आले, कर्जतला गेले होते तसेच, त्याहून ताठ. ओट्यापुढे उभे राहिले. मेडल तिच्या हातून आकड्यात जाईना, पुन्हा पुन्हा निसटायचं. ह्यांनी मदत केली नाही. सरळ समोर बघत उभे होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटी अडकलं. तिनं हळूच विचारलं, "साहेब आता काय म्हनतो?"

"काय बी म्हनतो, आये. विंग्रजीत."

तिनं थोडा विचार केला. मग मेडलावर तळवा ठेवून म्हणाली, "दमलास का रं?"

 त्यांनी सलाम ठोकला. आणि फिरायला टाच उचलली तोच तिनं बंडी धरली.

"फिरू नको."

"आये, फिरायचं असतं. परत रांगेत जायचं असतं."

"साहेबाकडं पाठ कर. माझ्याकडं करू नको." तिचा आवाज एकदम वेगळाच झाला. "टेसनावर गेला तवा गाडीकडं तोंड करून गेला, मागं वळून बघलंच नाय. आता तोंड आठवाया बसलं का पाठच येती म्होरं. पाठच दिसती मला, बाबा."

 मग हे कपाळावरचा हात न काढता, तिच्याकडे बघत, उलटे मागे मागे पावलं टाकू लागले. मी धावत त्यांच्या मागे गेले, नाहीतर ते सरळ उकिरड्यात गेले असते. "धोंडा हाय," मी सांगायची. "जरा डावीकडं. शेन हाय, पाय जपा." अंगणातून बाहेर, कुडाच्या कडेनं, वळणापर्यंत. बाया बघत होत्या. एरवी मी लाजेनं अर्धी झाले असते, त्या दिवशी काही वाटलं नाही.

वळणावर मी म्हटलं, "आता वळा. हितनं म्होरं तिला तुमी दिसायचं नाय."

"ती उभी हाय," हे म्हणाले.

ओट्याच्या कडेला, डोळ्यांवर हाताची सावली धरून ती उभीच होती. ती आत जाईना, आणि ह्यांना वळवेना.  मग ह्यांनी सलामाचा हात खाली घेतला आणि परत तिच्याकडे निघाले. सरळ, तोंड तिच्याकडे करून, ती आखूड बंडी घालून, छातीवर मेडल हलतंय.

मावशी ओट्यावरून उतरली. घाई केली नाही. अंगणाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली आणि त्यांना येताना बघत राहिली. मुलगा घरी येताना बघणं तिच्या नशिबात नव्हतं. ते ती त्या संध्याकाळी डोळे भरून बघत होती. मी वळणावरच थांबले, माझं तिथं काही काम नव्हतं.

हे जवळ पोचले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आलास?" आणि हाताला धरून त्यांना घरात घेऊन गेली.